डिलक्स एडिशन घ्यावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या गेमची तारीख जाहीर झाली की आठवड्याभरात तेच प्रश्न फिरून येतात. डिलक्स घेऊ का? जास्तीचे पैसे वाया जातील का? नाही घेतली तर काही हुकेल का? सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. फारच घाईत असाल तर प्रश्न ३ वाचा आणि निघा.

१. डिलक्स एडिशन म्हणजे नेमकं काय? त्यातला गेम मोठा असतो का?

गेम तोच असतो. नकाशा, कथा, शेवट, सगळं स्टँडर्डसारखंच, म्हणजे साध्या आवृत्तीसारखंच. सोबत एक पोतडी मिळते आणि वरचे पैसे त्या पोतडीचे. तिच्यात साधारण चार जातींचा माल असतो. अंगावर चढवायचा: पोशाख, शस्त्रांचे रंग, वाहनांची सजावट. पाहायचा-ऐकायचा: आर्टबुक, साउंडट्रॅक. वेळेचा: इतरांच्या काही दिवस आधी प्रवेश. आणि खेळायचा: एक्स्पान्शन (गेमला नंतर जोडली जाणारी मोठी भर), नवी पात्रं, सीझन पास (पुढे येणाऱ्या अशा भरीचे पैसे आधीच भरून घेतलेला पास). पहिल्या तीन जातींनी गेम तसूभरही वाढत नाही. म्हणून खरेदीच्या पानावर सगळ्यात आधी चौथी जात शोधायची. ती नसेल तर बाकी हौसेचा मामला.

२. डिलक्स, गोल्ड, अल्टिमेट, प्रीमियम, कलेक्टर्स... यांत मोठी कोणती?

नावावरून काहीच ठरत नाही. एका कंपनीची डिलक्स ती दुसरीची गोल्ड. २०१४ साली वॉच डॉग्ज आला तेव्हा त्याच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या होत्या की कशात काय आहे हे समजायला लोकांनी रकान्यांचे तक्ते केले आणि त्या तक्त्यांचीच टिंगल झाली. कलेक्टर्स म्हटलं की सहसा पेटीतल्या हातात धरायच्या वस्तू असतात, एवढाच अंदाज बांधता येतो. नाव झाकून फक्त यादी वाचा. यादीतला ‘पॅक’ हा शब्द दिसला की सावध व्हा. पॅकमध्ये दहा तासांची मोहीम असू शकते, तशीच एक टोपीही असू शकते.

३. एका वाक्यात सांगा, घेऊ की नको?

गेम आवडेल की नाही हे माहीत नसताना घेऊ नका. आवडल्यावर तीच पोतडी वेगळी विकत मिळते (प्रश्न १०). अपवाद आहेत, ते प्रश्न ४, ७ आणि १४ मध्ये.

४. ‘तीन दिवस आधी खेळा’ हे कितपत कामाचं?

हल्ली डिलक्स विकण्याचं सगळ्यात मोठं आमिष हेच. हॉगवर्ट्स लेगसीला ३ दिवस, डायब्लो ४ ला ४ दिवस, स्टारफिल्डला ५ दिवस. शब्द नीट तपासून पाहा. तुम्हाला गेम आधी मिळत नाही, बाकीच्यांना तो उशिरा मिळतो. गेम तयार असतो, फक्त दार दोनदा उघडलं जातं. स्टारफिल्डची जाहीर तारीख ६ सप्टेंबर २०२३ होती आणि प्रीमियमवाले १ सप्टेंबरपासून खेळत होते.

तोटा असा की पहिले दिवस सगळ्यात खडबडीत असतात. सर्व्हर कोसळतात, बग सापडतात, दुरुस्त्या पाठोपाठ येतात. तुम्ही जादा पैसे देऊन ते दिवस विकत घेतलेले असतात. गेम एकट्याने खेळायचा असेल तर शुक्रवारऐवजी मंगळवारी सुरू केल्याने कथेचं काही बिघडत नाही.

तरीही एका प्रकारच्या माणसाला हे विकत घेण्यासारखं आहे. चार मित्रांचा कंपू ठरला आहे, सगळ्यांनी त्याच दिवसांची सुट्टी काढली आहे, आणि पुढच्या आठवड्यात कुणालाच वेळ नाही. तिथे हिशेब गेमचा नसून सुट्टीचा आहे. अशा वेळी खुशाल घ्या.

५. पोशाख आणि स्किन्स घेण्यासारख्या असतात का? घोड्याच्या चिलखताची सगळे चेष्टा का करतात?

एप्रिल २००६ मध्ये ऑब्लिव्हियन या गेमसाठी घोड्याचं चिलखत वेगळं विकायला आलं, एक्सबॉक्सवर अडीच डॉलरला. खेळाडू खवळले आणि ‘घोड्याचं चिलखत’ हा निरुपयोगी विक्रीमालासाठीचा वाक्प्रचारच झाला. एप्रिल २०२५ मध्ये त्याच गेमची नवी आवृत्ती आली आणि तिच्या डिलक्समध्ये काय असावं? पुन्हा घोड्याचं चिलखत. या वेळी लोक हसले आणि अनेकांनी घेतलंही. एकोणीस वर्षांत चिलखत तेच राहिलं, संतापायची आमची ताकद संपली.

स्वतःचं पात्र तुम्हाला दिसतं का, हा इथला खरा प्रश्न. कॅमेरा पाठीमागून असेल तर पोशाख शंभर तास डोळ्यांसमोर राहील. गेम पात्राच्या डोळ्यांतून दिसणारा असेल तर तुम्हाला फक्त दोन हातमोजे दिसणार. शिवाय कथेवर चालणाऱ्या गेममध्ये पुढे खेळताखेळता याहून देखणे पोशाख फुकट मिळत जातात.

६. डिलक्समध्ये सुरुवातीलाच तगडी तलवार आणि पैसे मिळतात. त्याने खेळाची मजा जाते का?

जाऊ शकते, आणि हे पुरेसं बोललं जात नाही. भूमिकाप्रधान गेमचे पहिले पाच-सहा तास टंचाईवर उभे असतात. गंजलेली सुरी, दोन औषधं, खिशात दमडी नाही. पहिली चांगली तलवार सापडते तेव्हा होणारा आनंद त्या टंचाईतून येतो. डिलक्सची तलवार पहिल्याच पेटीत पडलेली असेल तर तो आनंद तुम्ही पैसे देऊन घालवलात.

सगळ्यांचं सारखं नसतं. बाल्डर्स गेट ३ च्या डिलक्समध्ये एक मुखवटा आहे, त्याने आपल्या पात्राचं रूप कधीही बदलता येतं. ती निव्वळ गंमत आहे, लढाईच्या तोलाला धक्का लागत नाही. उलट ड्रॅगन्स डॉग्मा २ च्या डिलक्समध्ये मृत्यूनंतर जिवंत करणारे दगड, तंबूचं सामान, गेममधलं चलन असा माल होता. त्यातलं बहुतेक खेळताना मिळतंच. गेमची गंमतच प्रवासाच्या खडतरपणात असताना खडतरपणा कमी करणारं सामान विकायचं, हे मला अजून पटलेलं नाही.

आधीच डिलक्स घेतली असेल तर उपाय सोपा आहे. त्या वस्तू पेटीतच राहू द्या. काही गेम मात्र त्या थेट अंगावरच चढवतात. मग उतरवून ठेवा किंवा विकून टाका.

७. डिलक्समध्ये सीझन पास आहे. अजून न बनलेल्या गोष्टीचे पैसे आज का द्यायचे?

पोतडीतला सगळ्यात मौल्यवान आणि सगळ्यात बेभरवशाचा माल हाच. बेभरवशाचा कसा, ते पाहा. असॅसिन्स क्रीड युनिटी नोव्हेंबर २०१४ मध्ये इतक्या मोडक्या अवस्थेत आला की कंपनीने सीझन पासची विक्री थांबवली आणि त्यातलं डेड किंग्ज हे एक्स्पान्शन सगळ्यांना फुकट दिलं. ज्यांनी पासचे पैसे भरले होते त्यांना भरपाई म्हणून दुसरा एक गेम निवडायला मिळाला. म्हणजे भरवसा ठेवलेल्यांना आणि न ठेवलेल्यांना एक्स्पान्शन एकाच भावात पडलं, फुकट. स्टारफिल्डच्या प्रीमियममधलं शॅटर्ड स्पेस हे एक्स्पान्शन यायला ३० सप्टेंबर २०२४ उजाडलं, म्हणजे वर्षाहून जास्त काळ.

माझं स्वतःचं सांगायचं तर एका गेमची गोल्ड एडिशन मी मोठ्या उत्साहाने घेतली होती. मूळ गेम सहा तासांतच सोडून दिला. पासमधली दोन्ही एक्स्पान्शन्स आली तेव्हा सूचना आल्या, मी त्या बोटाने बाजूला सारल्या.

दुसरी बाजूही आहे. द विचर ३ ची दोन एक्स्पान्शन्स, ऑक्टोबर २०१५ मधलं हार्ट्स ऑफ स्टोन आणि मे २०१६ मधलं ब्लड अँड वाइन, इतकी भरगच्च निघाली की आधी पास घेणाऱ्यांना पस्तावायची वेळ आली नाही. निर्मात्यांनी आधीच्या गेममध्ये दिलेला शब्द पाळला असेल, पासमध्ये काय येणार ते नावानिशी लिहिलं असेल आणि सगळं मिळून घेणं सुट्या खरेदीपेक्षा स्पष्ट स्वस्त असेल, तर घ्यायला हरकत नाही. नुसतं ‘भविष्यातील रोमांचक सामग्री’ असं लिहिलं असेल तर पुढे वाचूही नका. स्टीमवर, म्हणजे पीसी गेम्सच्या ऑनलाइन दुकानात, २०२४ च्या अखेरीपासून पास विकणाऱ्याला काय आणि कधी येणार ते सांगावं लागतं, आणि ठरलेलं आलं नाही तर परताव्याचा मार्ग आहे. इतर ठिकाणी पानावरचा मजकूर हाच आधार.

८. कधीकधी कथेचा तुकडाच काढून डिलक्समध्ये टाकतात ना? मग स्टँडर्डवाल्याला अर्धाच गेम मिळतो का?

अर्धा नाही, पण क्वचित चांगलाच लचका तोडलेला असतो. मार्च २०१२ मध्ये मास इफेक्ट ३ आला तेव्हा जाविक हे पात्र महागड्या आवृत्तीत होतं, बाकीच्यांना ते पहिल्या दिवशीच १० डॉलर देऊन वेगळं घ्यावं लागलं. आता जाविक कोण? पहिल्या गेमपासून ज्यांचं गूढ उकलत आलो त्या नामशेष जमातीचा शेवटचा जिवंत माणूस. त्याच्याशिवाय कथा पूर्ण होते, पण त्याच्यासह ती फार वेगळी वाटते. तो राग न्याय्यच होता.

आता असं उघड फारसं होत नाही. जास्त करून एखादी बाजूची मोहीम असते. स्टार वॉर्स आउटलॉजच्या पासमध्ये जब्बा या गुन्हेगारी म्होरक्याची एक मोहीम होती, त्यावरून ओरड झाली; पण जब्बा मूळ गेममध्येही आहे. गेम बाहेर पडेपर्यंत थांबलात तर त्या मोहिमेत किती मिनिटांचं काम आहे हे कुणीतरी मोजून सांगतंच. बहुतेक वेळा उत्तर मिनिटांतच येतं.

९. डिजिटल आर्टबुक आणि साउंडट्रॅक कुणी उघडतं तरी का?

आर्टबुक एकदा. ते बहुतेकदा वेगळ्या ॲपमध्ये असतं, झूम नीट होत नाही, छापता येत नाही, आणि त्यात शेवटापर्यंतची पात्रं असल्यामुळे गेम संपण्याआधी उघडलं तर रहस्य फुटतं. चित्रकार असाल किंवा शिकत असाल तर गोष्ट निराळी. मग थेट छापील पुस्तकच शोधा.

साउंडट्रॅकबद्दल एकच बघा: फाइल्स मिळतात की तेवढ्यापुरता वाजणारा प्लेअर? फाइल्स मिळत असतील तर ही पोतडीतली सर्वांत टिकाऊ गोष्ट आहे, गेम बंद पडला तरी राहते. स्टीमवर २०२० पासून साउंडट्रॅक मूळ गेम न घेताही विकत घेता येतात, त्यामुळे केवळ संगीतासाठी डिलक्स घ्यायचं कारण उरलेलं नाही.

१०. आधी स्टँडर्ड घेतली आणि नंतर डिलक्स हवीशी वाटली तर?

अपग्रेड घ्या. बहुतेक मोठ्या गेमना दोन आवृत्त्यांमधला फरक भरून वर जाता येतं, आणि एखाद्या सवलतीत तो फरक अर्ध्यावर आलेला असतो. आगाऊ प्रवेश सोडला, तर नंतर न मिळणारं फारच थोडं असतं. डिलक्सचा माल आणि प्री-ऑर्डरचा (गेम येण्याआधीच नोंदणी केल्याचा) बोनस यांची गल्लत करू नका. प्री-ऑर्डरचा बोनस मुदत संपली की गेला असं सांगतात, मात्र तोही वर्षभराने कुठल्यातरी पॅकमध्ये पुन्हा उगवताना पाहिला आहे.

तपासायचं एवढंच, की तुमच्या प्लॅटफॉर्मवर अपग्रेड वेगळं विकलं जातं का. डिस्कवाल्यांनी प्रश्न १७ वाचावा.

११. सगळ्यासकट कम्प्लीट एडिशन येईपर्यंत थांबलं तर?

धीर असेल तर याहून चांगलं काही नाही. होरायझन झीरो डॉन फेब्रुवारी २०१७ मध्ये आला, त्याची एक्स्पान्शनसकट कम्प्लीट एडिशन त्याच डिसेंबरात. विचर ३ ची ऑगस्ट २०१६ मध्ये, सव्वा वर्षाने. तोवर दुरुस्त्याही झालेल्या असतात. ज्यांचा जीव ऑनलाइन गर्दीवर आहे अशा गेमना हे लागू नाही. थांबाल तेवढ्यात मैदान ओस पडतं.

१२. पुतळा, नकाशा, शिरस्त्राण असलेली कलेक्टर्स एडिशन घ्यावी का?

इथे माझं मत थोडं हळवं आहे, आधीच सांगतो. मुळात पेटीतल्या वस्तू हा गेमचाच भाग होता. १९८२ साली इन्फोकॉम कंपनीने डेडलाइन हा गेम काढला तेव्हा खुनाच्या तपासातला सगळा मजकूर डिस्कवर मावत नव्हता, म्हणून पोलिसांचे कागद, जबान्या, अगदी गोळ्यांची पुडीसुद्धा पेटीत घातली. खेळायला त्या लागायच्या. त्याच वर्षीच्या अल्टिमा २ मध्ये कापडी नकाशा होता आणि तो समोर पसरूनच लोक खेळायचे. विचर ३ च्या साध्या पेटीतही संगीताची सीडी, नकाशा आणि पुस्तिका होती, तेही वर एक पैसा न घेता.

आजच्या पुतळ्याशिवाय खेळात काही अडत नाही. तेव्हा तो शोभेची वस्तू म्हणूनच पारखा, आणि चित्र बघून नव्हे. फॉलआउट ७६ च्या २०० डॉलरच्या आवृत्तीत कॅनव्हासची पिशवी जाहीर केली होती, २०१८ मध्ये हातात आली नायलॉनची. भरपाई म्हणून आधी गेममधलं थोडं चलन देऊ केलं, त्यावर आणखी गदारोळ झाला, मग कॅनव्हासच्या पिशव्या पाठवल्या गेल्या. अर्खम नाइट या बॅटमॅनच्या गेमची, त्याची गाडी बॅटमोबिल असलेली आवृत्ती तर २०१५ मध्ये दर्जा जमला नाही म्हणून गेम यायच्या तोंडावर रद्दच झाली. चित्राखाली बारीक अक्षरात ‘अंतिम वस्तू वेगळी असू शकते’ असं असतं, ते खरं असतं.

आणि जागा मोजा. आमच्याकडे एक योद्धा गेली कित्येक वर्षं कपाटावर धूळ खात उभा आहे. तलवार दोनदा चिकटवली आहे.

१३. एवढ्या मोठ्या पेटीत डिस्कच नसते हे खरं आहे का?

अनेकदा, हो. गॉड ऑफ वॉर रॅग्नारोकच्या २०२२ मधल्या कलेक्टर्स एडिशनमध्ये डिस्क नव्हती, कोड होता. स्टारफिल्डच्या घड्याळवाल्या आवृत्तीतही तसंच. टीअर्स ऑफ द किंग्डमच्या कलेक्टर्स एडिशनमध्ये मात्र खेळ हातात येत होता, वर आर्टबुक, धातूची पेटी आणि बिल्ले. ‘स्टीलबुक’ (डिस्क ठेवायची धातूची पेटी) लिहिलं म्हणजे आत डिस्क आहे असं समजू नका, रिकामी स्टीलबुकही विकतात.

१४. फायटिंग गेमना वेगळा नियम आहे असं म्हणतात. का?

कारण तिथे पोतडीत पात्रं असतात, आणि पात्र म्हणजेच गेम. स्ट्रीट फायटर ६ च्या डिलक्समध्ये पहिल्या वर्षाची चार पात्रं होती: रशीद, ए.के.आय., एड आणि अकुमा. ती जुलै २०२३ पासून मे २०२४ पर्यंत एकेक करून आली. नियमित खेळणाऱ्याला नवं पात्र स्वतः खेळायचं नसलं तरी त्याचे डाव ओळखण्यासाठी सरावाला लागतं. अशांनी डिलक्स जरूर घ्यावी. त्याच्या वरच्या अल्टिमेटमध्ये फक्त जादा पोशाख, रंग आणि रिंगणं होती, तिथे पुन्हा प्रश्न ५ चं उत्तर लागू.

१५. गेम माझ्या सबस्क्रिप्शनमध्ये आहे. वरून डिलक्स अपग्रेड घेऊ का?

सबस्क्रिप्शनमध्ये बहुधा स्टँडर्डच असते आणि अपग्रेड वेगळं विकतात. अडचण अशी की अपग्रेड तुमचं, पण गेम भाड्याचा. गेम यादीतून निघून गेला किंवा सबस्क्रिप्शन थांबलं, की विकत घेतलेली एक्स्पान्शन्स किल्लीशिवायच्या कुलपासारखी पडून राहतात. महिन्याभरात संपवणार असाल तरच घ्या.

१६. डिलक्स घेतली, आवडली नाही. पैसे परत मिळतात का?

स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांहून कमी खेळलेलं असेल तर मिळतात. पूर्वी आगाऊ प्रवेशातले तास मोजत नसत, त्यामुळे काही जण तीन दिवस मनसोक्त खेळून पैसे परत घेत. एप्रिल २०२४ पासून ते तासही मोजतात. प्लेस्टेशनवर १४ दिवस आहेत, पण डाउनलोड सुरू केलं की हक्क संपतो. सदोष मालाचा अपवाद. निन्टेन्डोच्या ई-शॉपवर खरेदी सहसा अंतिम. गेममधलं चलन वापरून बसलात तर कुठेही वाद घालणं कठीण.

१७. सेकंडहँड डिलक्स किंवा दुसऱ्या देशातली डिस्क घेतली तर जादा माल मिळेल का?

सेकंडहँडमध्ये मिळणार नाही असंच धरा. माल एकदाच चालणाऱ्या कोडवर असतो आणि तो पहिल्या मालकाने वापरलेला असतो. विकणारा ‘कोड वापरलेला नाही’ म्हणाला तरी कोडला मुदत असू शकते.

दुसऱ्या देशातल्या डिस्कचा घोळ जास्त छुपा आहे. प्लेस्टेशनवर डिस्कचा प्रदेश आणि तुमच्या खात्याचा प्रदेश जुळला नाही तर डीएलसी (गेमसाठी वेगळा उतरवून घ्यायचा जादा माल) विकत घेता येतं, उतरतं, आणि गेम त्याला ओळखतच नाही. डिलक्स अपग्रेडचंही तेच. आधी डिस्कच्या पेटीवरचा प्रदेश पाहा, मग पैसे भरा.

१८. ऑनलाइन गेमच बंद पडला तर डिलक्सचं काय?

गेमसोबत जातं. कॉन्कॉर्डची स्टँडर्ड ४० डॉलरला होती, डिलक्स ६० ला. वरच्या २० डॉलरमध्ये आगाऊ प्रवेश आणि पोशाख. गेम २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. तिथे सगळ्यांना पैसे परत मिळाले, पण तसं नेहमी होत नाही. द क्रू हा गाड्यांचा गेम २०१४ पासून चालू होता. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि कुठलीही आवृत्ती घेतलेली असो, एकट्यानेसुद्धा खेळता येईना. नव्या ऑनलाइन गेमची डिलक्स पहिल्या महिन्यात घेऊ नका, एवढं याबाबतीत ठामपणे सांगतो.

१९. भेट द्यायची आहे. स्टँडर्ड दिली तर कंजूषपणा वाटेल का?

वाटणार नाही. घेणाऱ्याचा प्लॅटफॉर्म विचारून घ्या, स्टँडर्ड द्या आणि उरलेल्या पैशांत त्याला आवडेल असा दुसरा छोटा गेम द्या. तो माणूस त्या मालिकेचा वेडा असेल आणि त्याच्याकडे मागच्या गेमचा पुतळा असेल, तर मात्र कलेक्टर्सच बघा. तो प्रश्न ३ वाचणारच नाही.